मोजणीदार बांधावर येतो तेव्हा

सार्वजनिक कामासाठी रयतेची जमीन घेण्याचा अधिकार सरकारला आहे, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु जमीन घेण्यापूर्वी, म्हणजे सातबाऱ्यावर ती अद्याप मालकाच्याच नावे असताना, ती उपयोगी पडेल की नाही एवढे पाहण्याकरिता सरकारी माणसाने तीत कोणत्या अटींवर पाऊल टाकावे, या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तंट्याची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते. मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली जो सत्याग्रह झाला व ज्याचे पुढारीपण सेनापती बापट यांनी केले, त्यामागे मावळ्यांची एक तक्रार हीच होती की, जमिनी रीतसर संपादन होण्याआधीच त्यांत चर खणले जाऊ लागले.

१८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये अधिसूचना निघाली की, अधिकृत अंमलदाराने व त्याच्या मजुरांनी शेतात शिरावे, मोजणी करावी, पातळ्या घ्याव्यात, जमिनीच्या पोटात भोके पाडावीत, हद्दीच्या खुणा रोवाव्यात, आणि त्यावाचून काम तडीस जाणेच शक्य नसेल तर उभे पीक वा कुंपणही तोडावे, इतकी व्यापक मुभा होती. तिला अडवणारा उंबरठा एकच, तो इमारतीचा : कोणत्याही इमारतीत, किंवा राहत्या घराला लागून असलेल्या बंदिस्त अंगणात वा बागेत, राहणाऱ्याची संमती नसल्यास किमान सात दिवसांची लेखी नोटीस दिल्याखेरीज जाता येत नसे. कायद्याचा आधार नसेल तर परक्या जमिनीवरचे गवत तुडवणे हेदेखील अतिक्रमणच होय, असे न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी इंग्लंडात १७६५ सालीच बजावले होते; येथे तो आधारच सढळ हाताने देण्यात आला. ज्याचे खळे आणि विहीर घरापासून दूर रानात आहेत, त्या कुणब्याचा अर्धा संसार या संरक्षणाबाहेर राहिला.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने हा उंबरठा बांधापर्यंत आणला. मालक, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस, हजर नसताना आता मोजणी करता येत नाही. ती त्याच्या गैरहजेरीत करावयाचीच झाली, तर किमान ६० दिवस आधी नोटीस देऊन त्याला हजर राहण्याची वाजवी संधी दिलेली असली पाहिजे. पोटापाण्यासाठी मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्याला या ६० दिवसांचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र राष्ट्रीय महामार्गांसाठी ज्या १९५६ च्या कायद्याने जमीन घेतली जाते, त्याच्या प्रवेशाविषयीच्या कलमात असे बंधन नाही.

नुकसानीची तरतूद जुन्या व नव्या भूमिसंपादन कायद्यांत जवळजवळ एकच आहे. खराबीची रक्कम अंमलदाराने प्रवेशाच्या वेळीच देऊ करावी. ती अपुरी वाटल्यास वाद तत्काळ कलेक्टरकडे किंवा जिल्ह्याच्या मुख्य महसूल अधिकाऱ्याकडे जावा, आणि तेथील निर्णय अंतिम असावा. सरकारच्या माणसाने पीक तुडवावे आणि सरकारच्याच अंमलदाराने त्याची किंमत कायमची ठरवावी, ही न्यायाची रीत प्रस्तुत लेखकाला मुळीच पटत नाही.

ती बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मोजणीदार दारी आल्यास त्याच्याशी हुज्जत न घालता त्याचे अधिकारपत्र व नोटीस मागून पाहावी, मोजणीला स्वतः उभे राहावे, तुटलेल्या झाडाझुडपांचा व पिकाचा पंचनामा त्याच दिवशी करवून घ्यावा, आणि देऊ केलेली रक्कम अपुरी असेल, तर तसे तेथल्या तेथे लेखी नोंदवून पोच घ्यावी.