पन्नास ग्रॅमची वस्तू, परवडणारं टपाल

दीडशे रुपयांची कानातल्यांची जोडी पोचवायला ऐंशी रुपये लागले, तर गिऱ्हाईक एकदा घेतं आणि पुन्हा फिरकत नाही. इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर राख्या, क्रोशाची फुलं, मातीचे दागिने, स्टिकर असा हलका माल विकणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. टपालाचे दर आपण ठरवत नाही हे खरं. पण वजन, पाकिटाची जाडी, पत्ता आणि पैसे घेण्याची पद्धत आपणच ठरवतो, आणि खरी बचत या चार ठिकाणी होते.

सुरुवात वजनापासून करायची. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरे आहे. नुसती वस्तू तोलून उपयोग नाही. पाकीट, आतला पुठ्ठा, बबल रॅप, चिकटपट्टी, पत्त्याची चिठ्ठी, हौसेनं टाकलेलं ‘धन्यवाद’ कार्ड असं सगळं बंद करून काट्यावर ठेवायचं. पंचवीस ग्रॅमची जोडी पाकिटात गेल्यावर पन्नाशी कशी ओलांडते, हे इथेच कळतं.

पन्नाशीला एवढं महत्त्व का? कारण टपालाचा दर ग्रॅमागणिक वाढत नाही, तो टप्प्याटप्प्यानं उडी मारतो. या टप्प्याला कुरिअरवाले ‘स्लॅब’ म्हणतात. स्पीड पोस्टचे १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे कागदपत्र वर्गाचे दर पाहू. ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि उरलेल्या भारतात कुठेही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमसाठी मात्र अंतर मोजलं जातं: २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, १००० पर्यंत ६८, २००० पर्यंत ७२ आणि त्यापुढे ७७ रुपये. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

म्हणजे पुण्याहून नागपूरला ४९ ग्रॅमचं पाकीट करासह साधारण ५५ रुपयांत जातं आणि ५२ ग्रॅमचं ८० रुपयांत. तीन ग्रॅमसाठी पंचवीस रुपये! जाड कार्डाऐवजी पातळ कागद वापरला, चिकटपट्टीचा तिसरा वेढा टाळला, तरी हे पैसे वाचू शकतात. आणि वस्तू पन्नासच्या आत बसतच नसेल, तर उलटा विचार करावा. ५२ ग्रॅमला जो दर लागतो तोच २५० ग्रॅमला लागतो. मग एक जोडी कशाला, तीन जोड्यांचा संच विकावा. टपालखर्च तिन्हींत वाटला जातो आणि गिऱ्हाईकालाही तो टोचत नाही.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. वरचे दर ‘डॉक्युमेंट’, म्हणजे कागदपत्र या वर्गाचे आहेत. वस्तू भरलेल्या पाकिटाचं बुकिंग स्पीड पोस्ट पार्सल म्हणून झालं, तर त्याचा दरतक्ता वेगळा असतो. छापील कार्डं, स्टिकरचे ताव, चित्रांच्या प्रती असा सपाट कागदी माल आणि फुगीर दागिन्यांची डबी यांना काउंटरवर एकच न्याय मिळेल असं धरून चालू नये. म्हणून विक्रीची किंमत जाहीर करण्याआधी एक नमुना पाकीट तयार करून जवळच्या टपाल कार्यालयात न्यावं, आत काय आहे ते खरं सांगावं आणि जवळचं व लांबचं असे दोन पिनकोड देऊन दर विचारून घ्यावा. मगच ‘शिपिंग इतके रुपये’ असं लिहावं.

साधं पत्रटपाल अजून सगळ्यांत स्वस्त आहे: २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट. एखादं स्टिकर, बुकमार्क किंवा बियाण्यांची चपटी पुडी यातून जाऊ शकते. मात्र माग काढण्याची सोय नाही, पोचल्याची पावती नाही. हरवलं तर हरवलं. माझं मत विचाराल तर तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी ही जोखीम घ्यावी, तीही गिऱ्हाईकाला आधी सांगून. कडक वस्तू मात्र साध्या लिफाफ्यात घालू नये. शिक्का मारताना आणि गठ्ठा बांधताना लिफाफा आतून फाटतो आणि पत्ता लिहिलेलं रिकामं पाकीट तेवढं घरी पोचतं.

पूर्वी अशा वेळी आपण ‘रजिस्टर’ करायचो. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता स्पीड पोस्टवर ५ रुपये आणि कर जादा भरला की ‘रजिस्ट्रेशन’ मिळतं, म्हणजे पाकीट नाव लिहिलेल्या व्यक्तीच्याच किंवा तिनं नेमलेल्याच्या हाती दिलं जातं. तेवढ्याच पैशांत ओटीपीची सोयही घेता येते. तीत मोबाइलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय पोस्टमन पाकीट देत नाही. ‘मिळालंच नाही’ असा वाद पुढे टाळायचा असेल, तर महागड्या वस्तूवर हे पाच रुपये जरूर घालावेत.

पुस्तकं विकणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, आणि माग काढण्याची सोयही आहे. टपाल जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्यासाठी ही सेवा आहे. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं आणि जाहिरातींचा मजकूर चालत नाही. कोऱ्या डायऱ्या यातून पाठवायला गेल्यास त्या परत हातात येतील.

आता खासगी कुरिअर. एकट्या-दुकट्या विक्रेत्याला कंपन्या चांगला दर देत नाहीत, म्हणून शिपरॉकेटसारखे ‘ॲग्रीगेटर’ आले. म्हणजे अनेक कुरिअर कंपन्यांचे दर एका पडद्यावर दाखवून बुकिंग करून देणारे मध्यस्थ. आधी त्यांच्या खात्यात पैसे भरून ठेवायचे आणि प्रत्येक पार्सलागणिक ते कापले जातात. घरी येऊन माल उचलतात, ही मोठी सोय. पण त्यांचा पहिला टप्पा बहुधा अर्ध्या किलोचा असतो. साठ ग्रॅमच्या पाकिटाला पाचशे ग्रॅमचे पैसे पडतात. एकाच मागणीत चार-सहा वस्तू जात असतील तेव्हा कुरिअर परवडतं, एका जोडीला सहसा नाही.

कुरिअरच्या हिशेबात ‘आकारमानाचं वजन’ ही गोष्ट समजून घ्यायला हवी. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायची. आलेला आकडा किलोमध्ये धरतात. तो आणि काट्यावरचं वजन यांतला जो मोठा, त्यावर आकारणी होते. घरात साडीचा रिकामा खोका होता म्हणून साठ ग्रॅमची कानातली त्यात घातली आणि खोका २० × १५ × १२ निघाला, तर ३६०० भागिले ५००० म्हणजे ७२० ग्रॅम झाले. मग एक किलोच्या टप्प्याचे पैसे! खोक्यातली हवा आपण पैसे देऊन पाठवत असतो.

माल गेल्यावर काही दिवसांनी ‘वजनात तफावत’ म्हणून खात्यातून जादा पैसे कापले जातात, हा अनुभव अनेकांना येतो. पार्सल काट्यावर ठेवून आणि बाजूला मोजपट्टी धरून काढलेले दोन फोटो जवळ असतील, तर तक्रार टिकते. तक्रारीची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी खात्यातली कपात तपासावी.

बांधणी कशी करावी? हलक्या आणि न मोडणाऱ्या वस्तूला प्लॅस्टिकची कुरिअर बॅग उत्तम. तिचं वजन कमी असतं, पावसात ती भिजत नाही आणि एकदा चिकटली की फाडल्याशिवाय उघडत नाही. कानातल्यांसारख्या वस्तूला आत पुठ्ठ्याचे दोन तुकडे लावून, मध्ये वस्तू दाबून, कडा चिकटवाव्यात. मातीचे दागिने असतील तर छोटा पुठ्ठ्याचा खोका हवाच, तिथे ग्रॅम मोजत बसू नये. फुटलेली वस्तू पुन्हा पाठवायची तर टपालखर्च दुप्पट होतो. बंद केलेलं पाकीट हलवून पाहावं. आत खुळखुळलं तर ते वाटेत फुटणार.

काय पाठवू नये, तेही आधी पाहून ठेवावं. अत्तर, नेलपॉलिश, पॉवर बँक असा ज्वलनशील किंवा बॅटरीचा माल विमानानं जाणाऱ्या टपालात चालत नाही.

पत्त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यांत जास्त पाकिटं त्यामुळेच परततात. आपल्याकडे पत्त्यात मु., पो., ता., जि. असं लिहायची रीत आहे, ती मोबाइलवरच्या फॉर्मनं मोडली. राहण्याचं गाव एक आणि टपाल कार्यालय दुसऱ्या गावात, अशी स्थिती खेड्यांत सर्रास असते. शिवाय वडगाव आणि पिंपळगाव जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. हा घोळ मिटवण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तोही श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यामुळे. ते संस्कृत कवीही होते. पिनकोडचा पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ नं सुरू होतात. गिऱ्हाईकानं कोल्हापूर लिहून ५ नं सुरू होणारा पिनकोड दिला असेल, तर पाकीट बंद करण्याआधी फोन करावा. पत्त्याशेजारी मोबाइल नंबर ठळक लिहावा, आणि मागच्या बाजूला आपला पत्ताही.

आता पैशांचं. कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे, ही पद्धत छोट्या वस्तूंना झेपत नाही. पूर्वी पुस्तकं व्ही.पी.नं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पाकीट सोडवण्याच्या पद्धतीनं, मागवायचे तेव्हाही न सोडवलेल्या व्ही.पी. प्रकाशकांच्या डोकेदुखीचा विषय होत्या. समजा, एका वस्तूमागे आपल्याला ऐंशी रुपये सुटतात आणि एकेरी वाहतूक सत्तर रुपये. गिऱ्हाईकानं दार उघडलं नाही तर जाण्याचे सत्तर आणि बऱ्याचदा परतीचेही तितकेच आपल्या माथी. एका परतीनं जवळजवळ दोन विक्रींचा नफा खाल्ला. म्हणून यूपीआयनं आधी पैसे घ्यावेत. कोणी अडूनच बसलं तर निदान टपालखर्च तरी आगाऊ मागावा. ज्याला घ्यायचंच आहे तो माणूस तेवढं देतो.

काउंटरवर पाकीट देताना पावतीवरचा पिनकोड तिथेच वाचून घ्यावा, कारण टंकताना एक आकडा चुकला तरी पाकीट दुसऱ्या जिल्ह्यात फिरून येतं. पावतीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून तेरा चिन्हांचा क्रमांक असतो. त्याचा फोटो त्याच दिवशी गिऱ्हाईकाला पाठवला, की ‘कुठवर आलं?’ हे विचारणारे निम्मे संदेश थांबतात. पाकिटं नियमित जाऊ लागली, की घाऊक ग्राहक म्हणून नोंदणीची चौकशी करावी. नव्या घाऊक ग्राहकांना स्पीड पोस्टवर ५ टक्के सवलत आहे.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून राख्यांची मागणी आली, तर घाईनं होकार देऊ नये. व्यवसाय म्हणून माल बाहेर पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक लागतो आणि पुढच्या कागदपत्रांसाठी डाकघर निर्यात केंद्रं मदत करतात. अमेरिकेनं २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी थांबवली आहे, तेव्हा तिथला कर कोण भरणार हे पैसे घेण्याआधीच ठरवावं. आणि कर वाचवायला विकलेल्या राखीवर ‘भेट’ असं लिहू नये. कस्टम्सच्या फॉर्मवर ते खोटं निवेदन ठरतं, आणि त्याखाली सही आपली असते.