मृत्युपत्र

मृत्युपत्र किंवा इच्छापत्र म्हणजे आपल्या मृत्यूनंतर आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावली जावी, याविषयी व्यक्तीने केलेली कायदेशीर घोषणा होय. ते मृत्यूनंतरच अंमलात येते; करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता अथवा रद्द करता येते. याच बाबतीत ते बक्षीसपत्राहून वेगळे आहे, कारण बक्षीसपत्राने मालकी तत्काळ हस्तांतरित होते. भारतात मृत्युपत्रांसंबंधीचा मुख्य कायदा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा असून मुस्लिमांच्या मृत्युपत्रांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो.

इतिहास

प्राचीन हिंदू धर्मशास्त्रात आजच्या अर्थाची मृत्युपत्राची कल्पना नव्हती. वारसा, वाटणी, दान आणि दत्तक यांवरच मालमत्तेची व्यवस्था चाले. ब्रिटिश काळात ही पद्धत रूढ झाली. हिंदू मृत्युपत्र अधिनियम, १८७० हा बंगालच्या काही भागांत आणि मद्रास व मुंबई या शहरांत लागू होता. १ जानेवारी १९२७ पासून सर्वत्र हिंदूंचे मृत्युपत्र लेखी व साक्षांकित असणे आवश्यक ठरले.

महाराष्ट्रातील सर्वाधिक गाजलेले मृत्युपत्र पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज यांचे होय. ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीच्या आजारात, मृत्यूच्या दिवशीच त्यांनी ते केले व बाळ गंगाधर टिळक, गणेश श्रीकृष्ण खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा अल्पावधीत वारल्यामुळे मृत्युपत्रातील दत्तकविषयक तरतूद लागू झाली. १९०१ मध्ये औरंगाबाद येथे झालेले दत्तकविधान बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी पुढे नाकारले. यातून उद्भवलेल्या दिवाणी व फौजदारी कारवायांत टिळकांना शिक्षाही झाली; १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा अंतिम निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने दिला. अखेरच्या घटकेस घाईने केलेल्या व्यवस्थेचा निर्णय लागण्यास अठरा वर्षे लागली.

वैधतेच्या अटी

मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुस्थिर मनाची असली पाहिजे. वार्धक्य, अंधत्व किंवा आजार यांमुळे हा अधिकार जात नाही. आपण काय करीत आहोत याची जाण असणे पुरेसे आहे. १९२५ च्या अधिनियमानुसार पुढील बाबी आवश्यक आहेत :

* मृत्युपत्र लेखी असावे. साधा कागद चालतो. मुद्रांक शुल्क लागत नाही.
* मृत्युपत्रकर्त्याने स्वतः सही वा अंगठा करावा, किंवा त्याच्या समक्ष व सांगण्यावरून अन्य व्यक्तीने सही करावी.
* किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्रकर्त्याची सही होताना पाहिलेली असावी, किंवा ती आपली असल्याचे त्याने त्यांना स्वतः सांगितलेले असावे. आणि प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्रकर्त्याच्या समक्ष सही करावी.

साक्षीदारांना मजकूर वाचून दाखविणे कायद्याने आवश्यक नाही. ज्यास लाभ मिळणार आहे त्यास मात्र साक्षीदार करू नये. हिंदूंच्या बाबतीत असा लाभ आपोआप रद्द होत नसला, तरी मृत्युपत्राविषयी संशय निर्माण होतो. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रातील असा लाभ मात्र रद्दच ठरतो. ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्रानंतर विवाह केल्यास जुने मृत्युपत्रही रद्द होते. हिंदूंना हा नियम लागू नाही.

मृत्युपत्र नसल्यास

मृत्युपत्राविना मृत्यू झाल्यास वारसा कायद्यानुसार ठरतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार हिंदू पुरुषाची पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. वडील या वर्गात येत नाहीत, ही बाब अनेकांस ठाऊक नसते. मृत मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना व विधवेला मिळतो.

वकिलाचे साहाय्य

मृत्युपत्र वकिलानेच लिहावे असे बंधन नाही. तथापि वकिलाचे खरे काम लेखनापूर्वीचे असते : मालमत्ता नेमकी कोणाची आहे, हे कागदपत्रांवरून ठरविणे. मृत्युपत्राने केवळ स्वतःच्या मालकीची मालमत्ता किंवा सामाईक मालमत्तेतील स्वतःचा हिस्सा देता येतो. वडिलांनी वडिलोपार्जित सर्व जमीन मुलग्यांच्या नावे केली, तरी मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा त्यातून जात नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद म्हणून हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय सुधारणेने तो देशभर लागू झाला. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात नसले तरी मुलीचा हा हक्क अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

वकिलाकडे जाताना सातबारा उतारा, फेरफार नोंदी, खरेदीखत, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, सोसायटीचे भागपत्र, बँक व विमा यांचा तपशील आणि देणी-कर्जे यांची यादी जवळ असावी. वकील साधारणपणे पुढील मुद्दे स्पष्ट करून घेतात : प्रत्येक मिळकतीचा गट क्रमांक व क्षेत्र, लाभार्थी आधी वारल्यास त्याचा हिस्सा कोणास, उल्लेख न झालेल्या मालमत्तेचे काय, एखाद्या वारसास वगळले असल्यास त्याचे कारण, आणि अंमलबजावणी करणारा निष्पादक कोण. पत्नीस घरात आजन्म राहण्याचा हक्क द्यावयाचा की पूर्ण मालकी, हेही निःसंदिग्ध शब्दांत लिहावे लागते. या एका वाक्याच्या संदिग्धतेवरून अनेक दावे उभे राहतात.

मृत्युपत्र खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ते सादर करणाऱ्यावर असते. संशयास्पद परिस्थितीचे निराकरणही त्यानेच करावयाचे असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात मांडले. लाभार्थीनेच पुढाकार घेऊन मृत्युपत्र करवून घेणे, थरथरती सही, निकटच्या वारसास अकारण वगळणे या गोष्टी संशय वाढवितात. म्हणून वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेण्याचा आणि वयाने लहान साक्षीदार निवडण्याचा सल्ला दिला जातो. साक्षीदार हयात असल्यास त्यांपैकी किमान एकाची साक्ष न्यायालयात आवश्यक ठरते.

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाचा विचार न करता तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते.

भिवंडी परिसरातील प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असून सभोवतालच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली आदी गावांतील शेतजमिनींवर मोठ्या प्रमाणात गोदामे उभी राहिली आहेत. एकेकाळी भातशेतीपुरती किंमत असलेल्या जमिनीचे मोल वाढल्याने वारसाचे प्रश्न तीव्र झाले आहेत. अशा परिसरात तीन बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

पहिली बाब शेतजमिनीची. कूळकायद्याने मिळालेली जमीन किंवा कोणतीही शेतजमीन बिगरशेतकऱ्यास देण्यावर १९४८ च्या कायद्याच्या कलम ४३ व ६३ चे निर्बंध आहेत. गुजरातेत लागू असलेल्या याच कायद्याखालील प्रकरणात, हे निर्बंध मृत्युपत्रालाही लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले.

दुसरी बाब भाड्याच्या जागेची. पागडीच्या खोलीचा भाडेकरूहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निर्णय आहे. तो कोणाकडे जाईल हे भाडे नियंत्रण कायदा ठरवितो.

तिसरी बाब यंत्रमाग व्यवसायाची. माग, सूत, येणी आणि देणी यांचा हिशेब मृत्युपत्रासोबत स्पष्ट असावा लागतो. कारण मृताची कर्जे फेडल्यानंतर जे उरते, तेच लाभार्थींना मिळते.

मुस्लिमांची वसीयत

भिवंडीत मुस्लिम लोकसंख्या मोठी असल्याने वसीयतीचे नियमही येथे महत्त्वाचे आहेत. अंत्यसंस्काराचा खर्च आणि कर्जे वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांश भागापुरतीच वसीयत करता येते. अधिक भागासाठी वारसांची संमती लागते. सुन्नी कायद्यानुसार एखाद्या वारसाच्या नावे केलेल्या वसीयतीस इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती द्यावी लागते. शिया कायद्यात एक-तृतीयांश मर्यादेत अशा संमतीची गरज नसते. वसीयत तोंडीही वैध असते, परंतु ती सिद्ध करणे कठीण असल्याने लेखी करणे हितावह ठरते.

नोंदणी आणि प्रोबेट

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात ती केव्हाही करता येते. बंद लिफाफ्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. नोंदणीमुळे ते हरविण्याचा धोका टळतो, परंतु केवळ नोंदणीने ते निर्विवाद ठरत नाही. नंतरचे नोंदणी नसलेले वैध मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रास रद्द करू शकते.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी न्यायालयाने दिलेला दाखला. मुंबई शहरातील हिंदू मृत्युपत्रांसाठी तो दीर्घकाळ अनिवार्य होता. भिवंडीत केलेल्या व तेथीलच स्थावर मालमत्तेपुरत्या हिंदू मृत्युपत्रास ही सक्ती नव्हती. ज्या कलम २१३ मुळे ही सक्ती होती, ते २०२५ च्या निरसन व सुधारणा अधिनियमाने वगळण्यात आले. वाद असल्यास प्रोबेट घेण्याचा मार्ग अजूनही खुला आहे.

शेतजमिनीच्या बाबतीत मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे फेरफारासाठी कळवावे लागते. फेरफार ही महसुली नोंद असून तिने मालकी सिद्ध होत नाही.

नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

बँक खाते, सोसायटी वा समभाग यांसाठी नेमलेली नामनिर्देशित व्यक्ती मालक होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या मृत्युपत्राशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निर्णय दिला की, समभागांच्या नामनिर्देशनाने वारसाहक्काचा क्रम बदलत नाही. नामनिर्देशित व्यक्ती मालमत्ता स्वीकारते. तिची मालकी मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवितो. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकवाक्यता ठेवणे इष्ट असते.

हेही पहा

* बक्षीसपत्र
* हक्कसोडपत्र
* हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६
* ताई महाराज खटला