परदेशी वाढले, मायदेशी लढले

व्हिएतनाम युद्ध १९७५ मध्ये संपल्यानंतर लाखो नागरिकांनी देश सोडला. त्यांपैकी काहींची परदेशात वाढलेली मुले पुढे चित्रपटासाठी मायदेशी परतली. २००७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द रिबेल’ हा मारधाडपट त्यातूनच साकारला. सुमारे १५ लाख डॉलरचा त्याचा खर्च हॉलिवूडच्या तुलनेत नगण्य होता. ही उणीव कलावंतांच्या युद्धकौशल्याने भरून काढली. नट स्वतः लढत असल्यास बदली माणूस लागत नाही आणि प्रसंग सलग चित्रित करता येतो. दिग्दर्शक चार्ली न्गुयेन यांचे बंधू जॉनी यांनी ‘स्पायडरमॅन २’मध्ये चेहरा न दिसणारी साहसदृश्ये केली होती. फ्रेंच राजवटीविरुद्धच्या लढ्याच्या या कथेत मात्र ते नायक म्हणून प्रेक्षकांसमोर आले.