ब्रेकच नव्हता, बॉस!

पाचशे सीसीचं इंजिन, एकच गिअर आणि ब्रेक चक्क शून्य! दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये अशा बाइक्स पळवून अख्खं वेम्बली स्टेडियम वेडं करणाऱ्या ‘वेम्बली लायन्स’ची ही गोष्ट.

बाइकवेड्यांची आपल्याकडे कमी नाही. कुणाला बुलेटचा तो टिपिकल धडधडाट हवा असतो, तर कुणाला ‘धूम’ स्टाइल स्पोर्ट्‌स बाइक. पण शोरूममध्ये कितीही शायनिंग मारली, तरी टेस्ट राइडला निघाल्यावर हात आधी ब्रेककडेच जातो. आता कल्पना करा, गाडीला ब्रेकच नाही. समोर अंडाकृती कच्चा ट्रॅक, बाजूला आणखी तीन रायडर्स आणि अंतर फक्त चार फेऱ्यांचं. सव्वा मिनिटात खेळ खल्लास!

या खेळाचं नाव स्पीडवे. ब्रिटनमध्ये तो रुजला १९२८मध्ये, आणि त्याचा खरा सुवर्णकाळ आला तो युद्ध संपल्यावर. रेशनिंग चालू होतं, पेट्रोल मोजूनमापून मिळायचं, शहरं बॉम्बनं खिळखिळी झाली होती. सहा वर्षांच्या काळोखानंतर लोकांना झगमगाट हवा होता, आवाज हवा होता. स्पीडवेनं दोन्ही दिलं. १९४९च्या सीझनमध्ये देशभरच्या ट्रॅक्सवर मिळून एक कोटीहून जास्त प्रेक्षकांनी तिकीट काढलं. आणि या सगळ्यातली सगळ्यात ग्लॅमरस टीम होती वेम्बली लायन्स.

घसरणं हीच कला

ब्रेक नसताना गाडी वळते कशी? उत्तर सोपं आहे, करणं महाकठीण. वळण डावीकडे असतं. रायडर मागचं चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरवतो, हँडल उलट उजवीकडे वळवतो आणि डावा पाय जमिनीवर टेकवत तोल सांभाळतो. त्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो. वेग आवरायचा तो याच घसरण्यानं आणि थ्रॉटलच्या अंदाजानं. घाबरून थ्रॉटल एकदम सोडला, तर मागचं चाक अचानक ग्रिप पकडतं, गाडी सरळ होते आणि थेट कठड्याकडे सुटते. म्हणजे जिथे आपण वेग कमी करू, तिथे यांनी हिमतीनं हात पिळायचा!

इंजिन असायचं लंडनमध्येच बनणारं ‘जॅप’, इंधन मिथेनॉल. मागे पडलात, तर पुढच्याच्या चाकातून उडणारे खडे थेट तोंडावर. म्हणून सुटतानाच पुढे घुसायला जो तो धडपडायचा.

तीन माझे की पाच आपले?

१९४६मध्ये सहा टीम्सची नॅशनल लीग सुरू झाली. युद्धामुळे टीम्स विस्कटल्या होत्या, म्हणून उपलब्ध रायडर्स संघटनेनंच सगळ्यांमध्ये वाटून दिले. या वाटपात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू टीमचा जुना भिडू बिल किचन वेम्बलीच्या वाट्याला आला आणि कॅप्टन झाला.

हिशेब असा, की प्रत्येक हीटमध्ये दोन्ही टीम्सचे दोन-दोन रायडर्स. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. मॅचला १४ हीट्स. रायडरला पैसे मिळायचे ते प्रत्येक स्टार्टचे आणि प्रत्येक पॉइंटचे. थोडक्यात, दर सव्वा मिनिटाला अप्रेझल!

आता इथेच खरी गंमत आहे. आपला खिसा बघायचा, तर सुसाट पुढे निघून जावं. पण पार्टनर मागे अडकला, तर टीमला मिळणार तीनच पॉइंट. त्याऐवजी थोडं थांबून, त्याला आपल्या बाजूला घेऊन, मागच्याचा रस्ता अडवत दोघं जोडीनं पोहोचलात, तर पाच. या ‘टीम-रायडिंग’मध्ये किचन वस्ताद मानला जायचा. ब्रेक नसलेल्या गाडीवर, वळणात, एक नजर मागे ठेवून ज्युनियरला सांभाळून न्यायचं, हे ऐकायलाच भारी वाटतं. त्यासाठी आपला पहिला नंबर पणाला लावायची तयारी लागते.

घरीच घडवलेले सिंह

लायन्सचा दुसरा फंडा होता ट्रेनिंगचा. लंडनबाहेर राय हाऊसच्या ट्रॅकवर नवी पोरं तयार व्हायची. फ्रेडी विल्यम्स हा तिथलाच. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा हा पोरगा पोर्ट्‌समथच्या नौदल गोदीत फिटरचं काम शिकलेला. ‘स्प्लिट’ वॉटरमन युद्धात सैनिक होता, इटलीत असताना त्याला रेसिंगचा नाद लागला. आणि या नवशिक्यांच्या जोडीला युद्धाआधीपासून वेम्बलीत असलेला टॉमी प्राइस होताच.

रिझल्ट? १९४६ ते १९५३ या आठ सीझन्समध्ये सात लीग विजेतेपदं! १९४९मध्ये युद्धानंतरची पहिली वर्ल्ड फायनल वेम्बलीतच झाली. टॉमी प्राइसनं पाचच्या पाच हीट्स मारल्या. पैकीच्या पैकी १५ पॉइंट, आणि इंग्लंडचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन. पुढच्याच वर्षी २४ वर्षांचा फ्रेडी विल्यम्स जिंकला, १९५३मध्ये पुन्हा जिंकला. दोनदा जगज्जेता होणारा तो पहिला ब्रिटिश रायडर.

१९५०मध्ये हॅरिंगे टीमनं वॉटरमनला तीन हजार पौंड मोजून उचललं, त्या काळातली विक्रमी रक्कम. तरी लायन्सचं अडलं नाही. एक गेला की मागून दुसरा तयार असायचा. फ्रेडीचा भाऊ एरिक आला, कोवळ्या वयाचा ब्रायन क्रचर आला आणि १९५४च्या वर्ल्ड फायनलमध्ये थेट दुसरा नंबर काढून गेला.

या झगमगाटाची किंमतही होती. १९४७मध्ये लायन्सचाच नेल्सन ‘ब्रॉन्को’ विल्सन हॅरिंगेच्या ट्रॅकवरच्या अपघातात गेला. १ जुलै १९५०ला तर एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या ट्रॅक्सवर दोन रायडर्सचा जीव गेला. त्यातला जो ॲबट हा बेल व्ह्यूमधला किचनचा जुना सहकारी. सीझन थांबला नाही. किचन आणि मंडळी पुढच्या मॅचला पुन्हा त्याच बिनब्रेकच्या गाडीवर बसली.

सिंह बेघर होतात तेव्हा

आठातलं हुकलेलं एक वर्ष होतं १९४८चं. त्या उन्हाळ्यात वेम्बलीत ऑलिम्पिक भरलं आणि लायन्सना घरच्या मॅचेससाठी विम्बल्डनच्या स्पीडवे ट्रॅकवर बिऱ्हाड हलवावं लागलं. विजेतेपद न्यू क्रॉसनं नेलं. याच ऑलिम्पिकमध्ये, १२ ऑगस्टला, याच वेम्बली स्टेडियमवर किशनलालच्या भारतीय हॉकी टीमनं ब्रिटनला ४-० असं धुतलं आणि स्वतंत्र भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे आपला तिरंगा जिथे वर चढला, ते मैदान एरवी दर आठवड्याला या बाइकवाल्यांचं होतं!

या स्टेडियमचा मालक होता सर आर्थर एल्विन. एकेकाळी १९२४च्या वेम्बली प्रदर्शनात सिगारेटच्या स्टॉलवर काम करणारा माणूस. त्यानं १९२७मध्ये स्टेडियम वाचवलं, १९२९मध्ये तिथे स्पीडवे आणलं आणि लायन्सना लाडानं वाढवलं. पण पन्नाशीच्या दशकात वारं फिरलं. करमणूक कर तिकिटाचा मोठा लचका तोडत होता आणि लोक घरात टीव्हीसमोर बसू लागले होते. गर्दी आटली, एकेक ट्रॅक बंद पडत गेला. १९५६मध्ये प्राइस आणि फ्रेडी विल्यम्स दोघंही निवृत्त झाले. फेब्रुवारी १९५७मध्ये एल्विनचं समुद्रप्रवासात निधन झालं आणि नवा सीझन सुरू होण्याआधीच लायन्सचं शटर खाली आलं.

विचित्र योगायोग म्हणजे त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं तो करमणूक करही काढून टाकला. पण लायन्सना त्याचा उपयोग नव्हता. १९७०मध्ये टीम पुन्हा उभी राहिली, पण स्टेडियमच्या तारखा मिळेनात आणि दोन सीझन्समध्येच परत गुंडाळली गेली. जुनं स्टेडियमही पाडलं गेलं. २००७मध्ये त्याच जागी उघडलेल्या नव्या वेम्बलीवर आता फुटबॉल चालतो.

ट्रॅकवर वॉटरमन गेला, तर क्रचर तयार होता. प्रत्येक सिंहामागे दुसरा सिंह उभा करायची सवय या टीमला राय हाऊसनं लावली होती. फक्त एका खुर्चीमागे कुणीच उभं केलं नव्हतं, ती मालकाची. सात ट्रॉफ्या जिंकणाऱ्या टीमला हरवायला मग प्रतिस्पर्धी लागलाच नाही. एक माणूस गेला, तेवढं पुरलं.