चित्रकलेचा तास म्हणजे टाइमपास? सरकारी शाळेतल्या कलाशिक्षणाकडे पालकांनी नव्याने बघायला हवं

मुलं आठवी-नववीत गेली की बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चित्रं काढून पोट भरणार आहे का? त्यापेक्षा गणिताचं पुस्तक उघड." काही घरांत त्याला आणखी एक जोड मिळते, "आणि चित्र काढणं आपल्यात चालतं कुठं?" रंगांची पेटी कपाटावर जाते आणि विषय तिथेच संपतो.

शाळेतही हेच घडतं. चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा रिकामी राहिली, तर पालकसभेत कुणी विचारत नाही. गणिताचे शिक्षक दोन महिने नसले तर आपण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. चित्रकलेचा तास मात्र कधी बंद झाला, हे घरी कळतही नाही.

यात नुकसान कुणाचं होतं? ज्यांची ऐपत आहे ते खासगी क्लास लावतात. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला हे शिक्षण शाळेत मिळालं नाही, तर बहुतेक वेळा कुठेच मिळत नाही. आपल्या समाजातली असंख्य मुलं अशाच शाळांमध्ये शिकतात. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

या तासाला शिकवतात तरी काय?

महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. राज्याचं कला संचालनालय त्या घेतं आणि त्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यांचे विषय बघितले की चित्रकला म्हणजे नेमकं काय, हे लक्षात येतं.

पहिला विषय स्थिरचित्र किंवा वस्तुचित्र. समोर तांब्या, फळं, डबा, कापड मांडलेलं असतं आणि ते जसं दिसतं तसं काढायचं असतं. विद्यार्थी हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घेतो. तांब्याची उंची रुंदीच्या किती पट आहे, सावली कुठल्या बाजूला पडली आहे, हे ठरवतो. दुसरा विषय स्मरणचित्र. बाजार, बसथांबा, शाळेचं मैदान असा एखादा प्रसंग आठवून कागदावर मांडायचा. तिसरा संकल्पचित्र. ठरवून दिलेल्या आकारात नक्षी बसवायची आणि रंगांचा मेळ साधायचा. चौथा विषय कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. यात कंपास आणि पट्टीने अचूक आकृत्या काढायच्या आणि सुबक अक्षरं लिहायची. इंटरमिजिएटला घनभूमितीही येते.

म्हणजे माप, प्रमाण, आठवण, रचना आणि स्वच्छ काम या पाच गोष्टींचा हा सराव आहे. यातली एकही फालतू नाही.

गणिताचे मार्क वाढतात का?

"चित्रकलेमुळे मूल हुशार होतं, मार्क वाढतात" असं सांगितलं जातं. इथे जरा सावध राहू या. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन गटातर्फे एलेन विनर आणि लॉइस हेटलँड यांनी अनेक जुने अभ्यास एकत्र तपासले आणि २००० साली निष्कर्ष मांडले. चित्रकला शिकल्यामुळेच इतर विषयांचे मार्क वाढतात, याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग उपयोग काय? पुढे त्यांनीच चित्रकलेच्या वर्गांत बसून मुलं खरोखर काय शिकतात ते पाहिलं. निरीक्षण करणं, न कंटाळता एका कामाला चिकटून राहणं, अजून न झालेली गोष्ट डोळ्यांसमोर आणणं, स्वतःचं काम तपासून सुधारणं, नवीन करून बघताना चुकायला न घाबरणं, अशा सवयी त्यांनी नोंदवल्या.

आपल्या अनुभवाशी हे ताडून बघा. गणिताचं उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. चित्रात तसं नसतं. तांब्या तिरपा झाला तर मुलाला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि कुणी न सांगता तो खोडून पुन्हा काढतो. ही सवय पुढे शिंप्याला, सर्जनला, सुताराला आणि इंजिनिअरला सारखीच लागते.

दीनाचा प्रश्न

आता दुसऱ्या शंकेकडे येऊ. सजीवांच्या, म्हणजे माणसं आणि प्राणी यांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत आणि अनेक उलेमा त्याला मनाई करतात. त्याचा आदर ठेवूनच बोलायला हवं. पण ही चर्चा सजीवांच्या चित्रांपुरती आहे. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची एक रिवायत आहे. चित्रांवर रोजी कमावणाऱ्या एका माणसाला त्यांनी झाडं आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढण्याचा मार्ग सुचवला होता.

आता परीक्षेचे चार विषय पुन्हा बघा. स्थिरचित्रात भांडी, फळं आणि कापड असतं. संकल्पचित्रात फुलं-पानं आणि भौमितिक नक्षी चालते. चौथा विषय तर भूमिती आणि अक्षरांचा आहे. प्रश्न राहतो तो स्मरणचित्राचा, कारण त्यात बहुधा माणसं काढावी लागतात. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांशी बोलावं आणि शिक्षकांनाही मोकळेपणाने विचारावं. पण एका विषयावरच्या शंकेपायी सगळं कलाशिक्षणच बंद करणं म्हणजे घराची एक खिडकी नको म्हणून दारही चिणून टाकण्यासारखं आहे.

शिवाय यातलं बरंचसं आपल्याच वारशाचं आहे. दहाव्या शतकात बगदादचे वजीर इब्ने मुकला यांनी अरबी खत्तातीला मापाचे नियम दिले. कलमाच्या टोकाने उमटणारा नुक्ता हे त्यांचं माप. अलिफ किती नुक्त्यांचा, आणि बाकी अक्षरं त्या प्रमाणात केवढी, हे त्यातून ठरतं. अक्षरलेखनाच्या तासाला आपला मुलगा चौकटी आखून अक्षराची उंची ठरवतो, तेव्हा तो याच शिस्तीचा धडा गिरवत असतो.

भूमितीचंही तसंच. कंपासने वर्तुळ काढा. कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतात. एक सोडून एक खूण जोडली की दोन त्रिकोण आणि त्यांतून सहा टोकांची चांदणी तयार होते. एक चौकोन काढून त्यावर तसाच दुसरा चौकोन ४५ अंशांत फिरवून ठेवला की आठ टोकांची चांदणी होते. मशिदींच्या, दर्ग्यांच्या आणि मकबऱ्यांच्या जाळ्यांमध्ये अशाच आकृत्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. सहलीला गेलात तर मुलांना नुसतं "फोटो काढ" म्हणू नका. वहीत ती जाळी काढायला सांगा.

नक्षी दुसऱ्याची, मेहनत आपली

खरा प्रश्न रोजीचा आहे, आणि तिथेच हा विषय सगळ्यात जास्त बोचतो.

आपल्या वस्त्यांमध्ये हुनराची कमी नाही. मालेगाव आणि भिवंडीत यंत्रमाग चालतात. मुंबईत जरदोजीचे कारखाने आहेत. शिवणकाम, फर्निचर, ग्रिल-वेल्डिंग, गाड्यांचं पेंटिंग, मेंदी, कितीतरी घरं यावर चालतात. पण जरदोजीच्या कारखान्यात काम कसं चालतं ते पाहा. आधी कागदावर नक्षी काढली जाते. तिच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडून खाका तयार होतो. तो कापडावर ठेवून नक्षी उतरवतात आणि मग कारागीर अड्ड्यावर वाकून दिवसभर टाके घालतो. नक्षी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. कारागिराला मजुरी मिळते, आणि नक्षीचं नाव व किंमत वेगळीकडे जाते.

मागावरही हेच. डॉबी किंवा जॅकार्डचं डिझाइन कुणीतरी दुसरा बसून तयार करतो. फर्निचरमध्ये आता सीएनसी मशीन आलं आहे. मशीन लाकूड कापतं, पण काय कापायचं ते फाइल सांगते, आणि ती फाइल रेखाटन समजणारा माणूस बनवतो. हाताचं काम मशीनकडे जात असताना डिझाइन जाणणारा टिकतो आणि फक्त हात चालवणारा मागे पडतो. ज्या मुलाच्या बोटांत वडिलांचा हुनर आहे, त्याला शाळेत रेखाटन, प्रमाण आणि रंगसंगती मिळाली तर तो कारागीर राहूनही डिझायनर होऊ शकतो. मुलींच्या बाबतीतही हेच आहे. घरी बसून भरतकाम किंवा मेंदी करणारी मुलगी स्वतःचं डिझाइन काढू लागली, तर तिच्या कामाचा भाव बदलतो.

सरकारी शाळेतून निघालेली वाट

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचं नाव आज जगभर आहे. त्यांचा जन्म १९२२ साली आताच्या मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावात झाला. वडील वनखात्यात नोकरीला. लहानपणी मन एका जागी ठरत नाही म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, ही आठवण रझा स्वतः सांगत. तोच बिंदू पुढे त्यांच्या चित्रांची ओळख झाला. त्यांचं हायस्कूल दमोहच्या सरकारी शाळेत झालं. मग नागपूरच्या कलाशाळेत, नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आणि १९५० साली फ्रान्सला. २०१३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

प्रत्येक मूल रझा होणार नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण खेड्यातल्या शाळेतला एक गुरुजी आणि एक बिंदू किती लांब जाऊ शकतो, हे यातून दिसतं. शाळेत तो गुरुजीच नसेल तर वाट सुरू कुठून होणार?

मार्क आणि पुढचे कोर्स

ज्यांना रोखठोक हिशोब हवा त्यांच्यासाठी. इंटरमिजिएट परीक्षा पास झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या निकालात जादा गुण मिळतात. ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. त्यासाठी प्रमाणपत्र शाळेत वेळेवर द्यावं लागतं आणि शाळेने प्रस्ताव बोर्डाकडे पाठवावा लागतो. दहावीच्या वर्षात धावपळ नको म्हणून अनेक शाळा आठवी-नववीतच या परीक्षांची तयारी करून घेतात.

बारावीनंतर बीएफएला जायचं तर राज्याची एएसी-सीईटी द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हेच विषय असतात. म्हणजे शाळेतली तयारी थेट कामाला येते. आर्किटेक्चरच्या नाटा परीक्षेत रेखाटन लागतं. आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेतही रेखाटनाचा भाग आहे. कोणत्याही शाखेतून बारावी केलेली मुलं ती देऊ शकतात. शाळेत शिकवायची आवड असेल तर कला शिक्षक पदविका, म्हणजे एटीडी, हा मार्ग आहे.

पालकांच्या हातात काय आहे?

बरंच काही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे अम्मींना त्या बैठकीत बसण्याचा आणि बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, असं म्हटलं आहे.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्यातून वगळलं. आपल्या अनेक उर्दू हायस्कूल अशा संस्थांच्या आहेत. तिथे कायद्याचा हवाला चालणार नाही, संस्थेच्या विश्वस्तांशीच बोलावं लागेल. ते तर आपल्याच मोहल्ल्यातले, आपल्याच जमातीतले लोक असतात.

पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: चित्रकलेला शिक्षक आहे का? वेळापत्रकातला तास खरोखर होतो का, की त्यात दुसरा विषय घेतला जातो? यंदा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला किती मुलं बसवली? नोंदणी कधी सुरू होते? शिक्षक नसेल तर वस्तीतला एखादा खत्तात, जरदोजीचा उस्ताद किंवा साइनबोर्ड रंगवणारा पेंटर महिन्यातून दोनदा शाळेत बोलवता येईल का? कायमच्या शिक्षकाची मागणी तेवढ्याने सोडायची नाही, पण तोवर मुलांचा हात तरी चालू राहील.

आणि घरी मुलगी तांब्या काढत बसली असेल, तर तिला उठवू नका. जवळ बसा आणि विचारा, सावली या बाजूलाच का पडली? ती सांगेल.