खनिज तेल : सोय किती, झळ किती?

रॉकेल, डिझेल, पेट्रोल हे सगळे जमिनीखालच्या खनिज तेलातून निघते. सिलिंडरमधला गॅसही तेल आणि नैसर्गिक वायूपासूनच मिळतो. या तेलाचे गुण आणि दोष मुंबईच्या जुहूला एकाच ठिकाणी दिसतात.

जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टर उडतात आणि कामगारांना समुद्रातल्या तेलविहिरींवर पोहोचवतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या या बॉम्बे हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले.

आधी गुण पाहू. डिझेल डब्यात भरून कुठेही नेता येते, साठवून ठेवता येते. ऊन नसो, वीज नसो, पंप चालतो. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात नेणारी गाडीही त्याच्यावरच धावते. गॅस आला तिथे सरपणाचा भारा आणि चुलीचा धूर कमी झाला.

आता दोष. पावसाळ्यात जुहूच्या वाळूत चालताना तळव्यांना काळे, चिकट गोळे लागतात. समुद्रात सांडलेले तेल पाण्यावर तरंगते. त्यातला पातळ भाग उडून जातो, उरलेल्याचे लाटा डांबरासारखे गोळे करतात आणि वारा ते किनाऱ्यावर आणतो. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ 'रॅक' नावाचे जहाज बुडाले. त्यात माल होता कोळशाचा. पण जहाजाच्या स्वतःच्या इंधनाचा तवंग जुहूपर्यंत आला. असे तेल लागले की जाळी खराब होतात, मासळीला वास येतो. मग कोळणीची टोपली तशीच परत येते.

झळ आपल्या गावालाही बसते. देशाला लागणाऱ्या दर १०० लिटर कच्च्या तेलातले ८० लिटरहून अधिक बाहेरून येते. तिकडे भाव चढला की इकडे नांगरट, टेम्पो, भाजी सगळेच महागते. धुराने हवा बिघडते, पृथ्वी तापते. शिवाय हे तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. जाळले की संपले.

मग तेल आजच सोडायचे का? ते जमणार नाही. पण जपून वापरता येईल. डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवू, बाजाराला माल एकाच टेम्पोतून पाठवू, गुरे असतील तिथे गोबरगॅसचा विचार करू. पुढच्या बैठकीत एवढेच करा : महिन्याला गॅस, डिझेल आणि गाडीभाड्यावर किती पैसे गेले, ते प्रत्येकीने वहीत मांडा. कुठे वाचवता येईल, ते तो हिशेबच सांगेल.