कव्हर ड्राइव्ह न मारलेले दहा तास

कामाचा डोंगर अंगावर आला किंवा खेळात काहीच जमेनासं झालं, की ‘बेसिकवर ये’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण ऐकणारा बऱ्याचदा भलतंच काही करून बसतो.

गैरसमज : बेसिकवर येणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून घोटणं.

२००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनी कसोटीपूर्वीच्या पाच डावांत मिळून सचिन तेंडुलकरच्या धावा होत्या ८२, त्यात दोन शून्यं. (ब्रिस्बेनचं शून्य पंचांच्या नावावर लिहावं, असं मानणारे अजूनही भेटतात आणि त्यांचं खोटं नाही.) पण ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावण्याचा मोह त्याला नडत होता, हेही खरंच. जानेवारी २००४ मध्ये सिडनीत त्यानं आपला हुकमी फटका, कव्हर ड्राइव्ह, बंदच करून टाकला. बाहेरचा चेंडू सोडायचा. एक सोडला, दहा सोडले, की गोलंदाज वैतागून आत टाकायला लागतो. मग लेग साइड मोकळीच असते. दहा तासांहून अधिक वेळ, ४३६ चेंडू, नाबाद २४१. या डावात त्यानं नवं तंत्र आणलं नव्हतं. चेंडू सोडणं तर शाळकरी फलंदाजालाही शिकवतात. त्यानं फक्त स्वतःपुढचे पर्याय कमी केले, आणि तेही तेवढ्यापुरते. कव्हर ड्राइव्ह पुढे परत आलाच.

गैरसमज : मग प्रत्येक हालचालीवर बारीक लक्ष ठेवावं लागेल.

नवशिक्याला हे लागू आहे, मुरलेल्याला नाही. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू पायानं पुढे नेताना पायाची कोणती बाजू चेंडूला लागतेय, इकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा अनुभवी खेळाडूंचा सवयीचा पाय मंदावला. नवख्यांना मात्र त्याच सूचनेचा फायदा झाला. अंगवळणी पडलेली गोष्ट सुटी करून तपासायला घेतली, की ती अडखळते. म्हणून फॉर्म गेलेल्या फलंदाजाला जाणता प्रशिक्षक कोपर, पाऊल, खांदा असं सगळं एकदम सांगत बसत नाही. ‘चेंडू बघ’ एवढंच म्हणतो.

गैरसमज : नोकरीत बेसिक हे ज्युनिअरांसाठी, अनुभवी माणसाला त्याची गरज नाही.

१९३५ मध्ये बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीत उड्डाण घेताच कोसळलं. चालवणारे वैमानिक मुरलेले होते. शेपटीकडचे नियंत्रक पृष्ठभाग जखडून ठेवणारं कुलूप काढायचं राहून गेलं होतं, एवढंच. त्यानंतर वैमानिकांच्या हाती छापील चेकलिस्ट आली. आजही संकटात त्यांच्यापुढचा क्रम ठरलेला असतो : आधी विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, बोलणं त्यानंतर.

शस्त्रक्रियेतही हेच आलं. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी तयार करण्यात पुढे होते सर्जन अतुल गवांदे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र कॅनडातल्या ओंटारिओत ती सरसकट लागू केल्यावर लक्षणीय फरक दिसला नाही, असं २०१४ चा अभ्यास सांगतो. माझ्या मते इथे दोष बेसिकचा नसावा. कागदावर बरोबरच्या खुणा करणं आणि एकमेकांना थांबवून विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज : जास्त तास बसलं की गाडी रुळावर येते.

डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टींहून जास्त नीट धरता येत नाहीत. तास वाढवून ही मर्यादा वाढत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गळ्याशी आलं, की ‘आज काय काय करायचं’ ही यादी बाजूला ठेवा. आज काय करायचं नाही, ते आधी लिहा. आणि ते काम ज्याला हवं होतं, त्याला दुपारच्या आत तसं कळवून टाका.